झाकलेले पाइप

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मी एकतीस वर्षं ओव्हरसियर होतो आणि त्या एकतीस वर्षांत लोकांना एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितली. पाइप खुशाल झाका, पण सांधा गाडू नका. जिथे सांधा, जिथे व्हॉल्व्ह, तिथे चेंबर आणि चेंबरवर उचलता येईल असं झाकण. एका नगरसेवकाने नव्या बंगल्यात व्हॉल्व्हवर संगमरवर बसवून घेतला होता. तो मी त्याच्या देखत फोडायला लावला. त्यानंतर महिनाभर तो माझी बदली करायला निघाला होता. खात्यातले लोक माझ्या पाठीमागे मला ‘झाकणसाहेब’ म्हणत. मला ते माहीत होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

हे बढाई म्हणून सांगत नाही. त्याच झाकणसाहेबाने आयर्लंडमध्ये सख्ख्या मुलाच्या बाथरूममध्ये काय केलं आणि त्याचं खापर बायकोच्या डोक्यावर कसं फुटू दिलं, ते लिहायचं आहे. कोणी विचारलेलं नाही. पण माझ्या तोंडून ते एकदाच आणि तेही चुकीच्या माणसापुढे निघालं, म्हणून आता नीट क्रमाने लिहितो.

२००५ सालच्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे गेलो. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. आधी दोन वर्षं गॉलवेला होता, मग डब्लिनला आला आणि ब्लँचर्डस्टाउनच्या बाजूला त्याने जुनं दुमजली घर घेतलं. एका ओळीत चाळीस घरं, सगळी सारखी, दारांचे रंग तेवढे वेगळे. नात चार वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र तिकडच्या हेलात इंग्रजीत. तिला मराठी बोलायला शिकवायचं हे बायकोने कऱ्हाडला बॅग भरतानाच ठरवलं होतं. व्हिसा तीन महिन्यांचा होता.

पहिल्याच दिवशी बायकोने घोटाळा केला. प्रवासाचं अंग धुवायला ती वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये गेली. तिथे टब होता, पण टबची कड तिच्या गुडघ्याच्या वर येत होती आणि गुडघे दुखत होते. तिने बादली खाली ठेवली, खालीच बसून आंघोळ केली आणि नंतर जन्मभराच्या सवयीने सगळी फरशी भसाभसा पाणी ओतून धुतली. बाथरूम धुऊन बाहेर यायचं, हा तिचा शिरस्ता. पाणी कुठेतरी जाईलच, अशी तिची समजूत. आपल्याकडे ते जातंच. तिकडे बाथरूमला मोरी नसते. पाणी दाराखालून बाहेर आलं आणि जिन्याच्या तोंडावरचा गालिचा भिजला.

मुलगा टॉवेल घेऊन धावत वर आला. “आई, अगं इथे खाली लाकूड असतं! फळ्या आहेत, स्लॅब नाही!”

ती इतकी शरमली की त्या दिवशी धड जेवलीही नाही. दुसऱ्या दिवसापासून बादली टबात, प्लॅस्टिकचं स्टूल टबात, आणि ही माझ्या खांद्याला धरून एक एक पाय आत टाकणार. आंघोळ झाली की टबाची कडसुद्धा फडक्याने कोरडी करणार. तिला आत चढवायला आणि बाहेर काढायला रोज मीच असे. त्या पहिल्या दिवसानंतर तिने फरशीवर लोटाभर पाणी सांडलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. सांगायचं तेव्हा सांगितलं नाही, हा भाग वेगळा.

आता पाइपांचं. घराच्या आधीच्या मालकाने शॉवर मागाहून बसवून घेतला होता आणि त्याचे दोन तांब्याचे पाइप भिंतीवरून उघडे नेले होते. जिन्याच्या तोंडाशी गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं. तिकडे कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात, त्यामुळे ते ‘हॉट प्रेस’. तिथून निघून दोन्ही पाइप नडगीच्या उंचीवर भिंतीच्या कडेने टबापर्यंत जात. वरून गुलाबी रंग फासलेला, तोही पोपडे आलेला. सुनेला ते डोळ्यांसमोर नको होते, आणि तिचं चूक नव्हतं. त्यातच एकदा नातीची पोटरी गरम पाइपाला लागली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. मुलगा म्हणाला, कोणाला तरी बोलावून हे झाकून घेतो. पण त्या वर्षांत तिथे जिकडेतिकडे नवी घरं उठत होती, प्लंबर फोनच उचलत नसत. एक उचलायचा आणि “पुढच्या आठवड्यात नक्की” म्हणायचा.

मी म्हटलं, “मी करतो.”

हे म्हणताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. तीन आठवडे मी सोफ्यावर बसून होतो. चहा आयता, जेवण आयतं, टीव्हीचा रिमोटही नात लावून देई. निवृत्त झाल्यापासून कोणी मला काम सांगितलं नव्हतं. मुलाच्या घरात आपल्या हातचं काहीतरी राहील, तो लोकांना दाखवेल, “हे बाबांनी केलं,” असं काय काय मनात येऊन गेलं.

मुलाने मला गाडीतून मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात नेलं. लाकडी पट्ट्या, पाण्याला टिकणारा प्लाय, स्क्रू, पटाशी, सगळं आणलं. मी कागदावर रीतसर ड्रॉइंग काढलं. भिंतीला एक पट्टी, जमिनीला एक पट्टी, त्यांना समोरून आणि वरून प्लाय. झाली लांबट पेटी, पाइप तिच्या पोटात. आणि जिथे व्हॉल्व्ह आणि दोन सांधे होते तिथे हातभर लांबीचं सुटं झाकण, चार पितळी स्क्रूंवर. स्क्रूखाली पितळी वाटी, म्हणजे कितीदा काढघाल केली तरी लाकूड खराब होणार नाही. असं झाकण दोन मिनिटांत निघतं.

भिंतीची पट्टी झकास बसली. जमिनीची बसवताना आखूड स्क्रू संपले. हॉट प्रेसच्या बाजूचा शेवटचा एकच राहिला होता. डब्यात लांब स्क्रू होते, मी तो लावला. आपल्याकडे जमीन म्हणजे स्लॅब. जमिनीच्या आत काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिकडे फळ्यांच्या खाली तुळया असतात, तुळयांना वरून खाचा पाडलेल्या असतात आणि त्या खाचांतून दुसरेच पाइप, फळीच्या खाली जेमतेम बोटभर अंतरावर, आडवे पळत असतात. “खाली फळ्या आहेत,” असं मुलाने बायकोला ओरडून सांगितलं होतं. मी ते शेजारी उभं राहून ऐकलं होतं. पण ते तिच्यासाठी होतं, मला वाटलं.

स्क्रू लाकडातून गेला, क्षणभर मोकळा फिरला, मग कशाला तरी अडला, मी जोर दिला आणि ते काहीतरी आत गेलं. त्याच वेळी आवाज आला. दातांतून कोणी हवा सोडावी तसा, अगदी बारीक. मी आणखी एक आटा पिळला आणि आवाज थांबला.

मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून बसून राहिलो. पाणीपुरवठ्यात आम्ही रस्त्याखालची गळती कशी शोधायचो, तर लोखंडी सळई जमिनीवर टेकवायची आणि दुसरं टोक कानाला लावायचं. एकतीस वर्षं मी तो आवाज ऐकला आहे. गाढ झोपेतून उठवलं तरी ओळखेन. मला कळलं. पुढे मी स्वतःला सांगितलं की तो जुना खिळा असेल, पण ते पुढचं. त्या क्षणी मला स्वच्छ कळलं होतं.

स्क्रू काढला असता तर कारंजं उडालं असतं. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. मुलगा ऑफिसात. खाली सून फोनवर तिच्या आईला सांगत होती, “बाबांनी काय सुंदर काम केलंय, अगदी कारागिरासारखं.” मला ते जिन्यातून ऐकू येत होतं. मी बोटाने पट्टीच्या खाली चाचपलं. कोरडं होतं. मी वरून प्लाय ठोकला.

संध्याकाळी मुलाला मी झाकण उघडून दाखवलं, लावून दाखवलं, परत उघडून दाखवलं. तो म्हणाला, “बाबा, एकदम प्रोफेशनल. पण हे झाकण मीटर बोर्डासारखं दिसतंय हो. वरून टाइल्स येणार आहेत, त्यात हे मधेच कसं दिसेल?”

मी म्हटलं, झाकणावरही टाइल चिकटवू, आतून लोहचुंबक लावू, बाहेरून कळणारसुद्धा नाही. त्याला ते पटत होतं. पण टाइल्स बसवणारा पोलिश माणूस फक्त शनिवारी मोकळा होता आणि लोहचुंबक, मापं वगैरेला वेळ नव्हता. सुनेने कुठल्याशा नमुना घरात अखंड पेटी पाहिली होती, एकही फट नसलेली. मुलगा म्हणाला, “बंदच करून टाका ना बाबा. कोण बघणार आहे आत?”

कोण बघणार आहे आत. हे वाक्य मी ठेकेदारांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांची सालटी काढली होती. यावेळी मी पितळी वाट्या काढून खिशात टाकल्या आणि साधे स्क्रू पक्के पिळले. शनिवारी त्यावर पांढऱ्या टाइल्स बसल्या. दिसायला सुरेख काम झालं. दिसायला.

एकोणीस दिवसांनी खाली बैठकीच्या खोलीच्या छतावर डाग आला. भाकरीएवढा, कडेला पिवळसर. रविवार होता, आम्ही सगळे तिथेच पोहे खात होतो. मुलाने आधी छताकडे पाहिलं, मग वर काय येतं याचा अंदाज घेतला, आणि मग आईकडे पाहिलं.

“आई, तू परत खाली बसून आंघोळ केलीस का?”

“नाही रे. टबातच करते.”

“मग हे पाणी कुठून आलं?”

“मला काय माहीत? मी नाही सांडलं.”

“कळत नाही पटकन, आई. थोडं थोडं सांडत असेल.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रोज टबात चढवणारा साक्षीदार समोर बसला होता. मी पोह्यांवर लिंबू पिळलं. “असेल थोडंफार उडत,” असं मी म्हणालो. हे शब्द माझे आहेत, कोणी तोंडात घातलेले नाहीत.

मी असं का म्हणालो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मुलाची भीती नव्हती. तो काय मला मारणार होता? त्याच्या नजरेत दोन-तीन आठवडे मी कोणीतरी होतो, तेवढंच. ते गमावायची माझी तयारी नव्हती. बायकोचं काय, ती त्याच्या नजरेत आधीच ‘पाणी सांडणारी’ होती. तिच्या नावावर एक जुनी चूक होतीच, त्यावर आणखी एक टाकली तर कोणाला जड जाणार, असा माझा नीच हिशोब होता.

दुसऱ्या दिवसापासून बाथरूमच्या जमिनीवर वर्तमानपत्रं आली. सून स्वभावाने वाईट नव्हती, तिने तोंडाने काही म्हटलं नाही. पण सासू बाहेर आली की ती आत जाऊन कागद उचलून बघायची. कागद कोरडे असत. डाग मात्र वाढत होता. मुलगा म्हणे, “लाकडात मुरलेलं पाणी उतरायला वेळ लागतो.” दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढणारा माणूस! कोरडा कागद हातात घेऊनही त्याला प्रश्न पडला नाही. आईच्या बाबतीत माणूस तपास करतच नाही, निकालच देतो.

मग बायकोने बादली बंद केली. तपेलीभर गरम पाणी घ्यायची आणि ओल्या टॉवेलने अंग पुसून घ्यायची, आजारी माणसाचं पुसतात तसं. जन्मात तिने आंघोळीशिवाय देवाला हात लावला नव्हता. त्या घरात देव स्वयंपाकघरातल्या एका प्रेसमध्ये होते, वरच्या फळीवर पिठाचे डबे, खालच्या फळीवर देव. तिने पूजा करणं सोडलं. “अंग पुसलं म्हणजे काही आंघोळ नव्हे,” म्हणाली. लांबूनच हात जोडायची आणि नातीकडून फूल वाहून घ्यायची.

मी तिला म्हटलं, “अगं, तू कर ना टबात आंघोळ. मी आहे की.”

“नको. उगाच त्याचं घर खराब व्हायला नको,” ती म्हणाली. “त्याने किती हौसेने घेतलंय.”

मी तिच्यासाठी तपेलीत गरम पाणी काढून आणलं.

नात एक दिवस शाळेतली मैत्रीण घरी घेऊन आली. तिला छताकडे बोट दाखवून म्हणाली, “माय ग्रॅनी मेड इट रेन इन द हाउस.” दोघी खिदळल्या. बायकोला इंग्रजी फारसं येत नाही, तिने मला विचारलं, “काय म्हणाली हो?” मी म्हटलं, “आजी छान आहे म्हणाली.” ती खूश होऊन दोघींना लाडू आणायला गेली.

शेजारी एक म्हातारा राहत असे, पूर्वी सुतारकाम केलेला. मुलाने त्याला डाग दाखवायला बोलावलं. त्याने छताला बोट लावून पाहिलं, वर गेला, पेटीवर टिचकी मारली आणि म्हणाला की हे आंघोळीचं पाणी वाटत नाही, पाइप असेल, ही पेटी उघडा. “हू बॉक्स्ड इट? युवर मॅन हिअर?” माझ्याकडे मान करून त्याने विचारलं, म्हणजे ही पेटी यांनीच केली का. मुलाने अभिमानाने हो म्हटलं आणि माझ्याकडे वळला.

“बाबा, आत कुठला सांधा सैल असेल का?”

“सांधे मी स्वतः तपासलेत,” मी म्हणालो. “एकही सांधा गळत नाही.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सांधे खरंच गळत नव्हते. शब्द निवडून कसे वापरावेत हे सरकारी नोकरीत शिकायला मिळतं. चौकशीत विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. मुलगा म्हाताऱ्याला म्हणाला, माझे वडील वॉटर इंजिनिअर होते, त्यांना कळतं. मी इंजिनिअर कधीच नव्हतो. तेही मी दुरुस्त केलं नाही. टाइल्स तशाच राहिल्या.

ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. विमानतळावर सामान आत गेल्यावर बायकोने मुलाचा हात धरला. “बाळा, मी पाणी नाही रे सांडलं. पहिल्या दिवशी सांडलं ते सांडलं. नंतर नाही.”

तो घड्याळ बघत होता, गाडी पार्किंगमध्ये होती. “सोड ना आई तो विषय. पुढच्या वेळी जरा लक्ष ठेव, बस.”

तिने मान हलवली. तिच्या शेजारी मी पासपोर्टची पिशवी छातीशी धरून उभा होतो.

पुढची वेळ आली नाही. मुलाने छत रंगवून घेतलं. डिसेंबरात फोनवर सहज म्हणाला की डाग परत दिसतोय, थंडीची ओल असेल. आम्ही तेव्हा चार महिने कऱ्हाडात होतो. आईच्या बादलीशिवाय डाग कसा आला, हे दोन आणि दोन त्याने मांडून पाहिले नाहीत. मी पाहिले होते. मी म्हटलं, “हं, ओलच असेल.” आणि रिसीव्हर हिच्याकडे दिला. ही त्याला विचारत होती, आम्ही परत कधी येऊ? पोर मराठी विसरेल रे. तो म्हणाला, आधी बाथरूमचं काहीतरी करू, मग बोलावतो. शेजारणींना ही सांगायची, गुडघ्यांमुळे आता मला तो प्रवास झेपत नाही. गुडघे तिचे तेव्हा होते तसेच होते.

मधल्या दीड वर्षात मला बोलायला किती संधी आल्या ते मोजत नाही. ही रोज सकाळी माझ्यासमोर चहाचा कप ठेवायची, ती प्रत्येक सकाळ एक संधी होती. जितके दिवस जात, तितकं ‘आज काय म्हणून सांगायचं’ हे अवघड होत जाई. पहिल्या दिवशी ते एका स्क्रूबद्दल होतं. नंतर ते माझ्याबद्दल झालं.

२००७ सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी मुलाचा फोन आला. ही समोर खाटेवर बसून मेथी निवडत होती.

“बाबा, काल गंमतच झाली. बैठकीच्या खोलीचं छत खाली आलं. अर्धं. नाही नाही, कोणाला लागलं नाही, आम्ही बाहेर होतो. प्लंबरने पेटी फोडली, फळ्या उचलल्या. पाइपमध्ये चक्क स्क्रू! गंजून गेलेला. कोणी मारला असेल कोण जाणे. आधीचा मालक एक नंबरचा खटपट्या होता म्हणे.”

त्याने मला पळवाट स्वतःच्या हाताने उघडून दिली होती. “असेल,” एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला आणि का कोण जाणे, मी म्हणालो, “स्क्रू माझा आहे. पट्टी बसवताना पाइपात गेला. आईने पाणी सांडलं नव्हतं. कधीच नाही.”

समोर मेथी निवडणं थांबलं.

तिकडे मुलगा हसला. मोठ्याने हसला. “काय बाबा तुम्ही पण! मग तेव्हाच सांगायचं ना! जाऊ द्या हो, होतं असं. तुम्हाला काय माहीत इकडची बांधणी. नाहीतरी बाथरूम आम्हाला नवीनच करायचं होतं.” मग त्याने विचारलं की बीपीच्या गोळ्या वेळेवर घेताय ना, इकडे गारठा फार आहे, नातीला पोहायच्या क्लासला सोडायचंय, ठेवतो.

अर्ध्या मिनिटात मी सुटलो होतो. जिने काही केलं नव्हतं ती टॉवेलने अंग पुसत होती, तिच्या पायांखाली कागद पसरले जात होते. आणि ज्याने केलं होतं त्याला त्याने हसून सोडून दिलं आणि वर गोळ्यांची चौकशी केली. मी माझ्या मुलाला दोष देत नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. देतो. पण त्याला हे शिकवायला घरात आणखी कोण होतं?

मी रिसीव्हर ठेवला. ही माझ्याकडे बघत होती. मांडीवरच्या कागदावर अर्धी मेथी निवडलेली, अर्धी तशीच.

“हसला का तो?” तिने विचारलं. हसणं तिला इथवर ऐकू आलं होतं.

“हो.”

“माझ्याबद्दल काही म्हणाला?”

“नाही.”

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, किंवा ओरडेल. मी त्याची तयारी ठेवली होती.

“तुम्हाला कधी कळलं?”

आत्ताच कळलं म्हणता आलं असतं. “स्क्रू मारला तेव्हाच,” मी म्हणालो.

तिने मेथीची जुडी परत हातात घेतली.

“त्याचं काही नाही,” ती म्हणाली. “त्याला कुठे माहीत होतं.”